सहा महिन्यांचा साकव

फेब्रुवारी कलला की आमच्या कोरेगावात दोन वास एकदम येतात. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, त्यांचा गोडूस, धुळीत कालवलेला वास. आणि घरात टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा वास, त्यात शाई असते, डब्यातल्या भाजीचं तेल असतं आणि मुलांच्या तळहातांचा घाम असतो. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. त्यामुळं वसंत ऋतू माझ्याकडं फुलंबिलं घेऊन येत नाही, लाल पेन घेऊन येतो. यंदाही आला. आणि जवळजवळ दरवर्षी असतो तो प्रश्न यंदाही पेपरात होता : राष्ट्रपती राजवटीवरील घटनात्मक मर्यादा स्पष्ट करा.

मुलं छान लिहितात हो. कलम ३५६. राज्याचा कारभार घटनेप्रमाणं चालेनासा झाला तर राष्ट्रपती तो हातात घेऊ शकतात. पण दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. मंजुरी मिळाली की सहा महिने. पुढं वाढवायची तर पुन्हा संसदेत जायचं, पुन्हा सहा महिने. वर्षाच्या वर न्यायची तर त्याला आणखी कडक अटी, आणि काही झालं तरी तीन वर्षांच्या पुढं नाही. सरकारकडं बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरवायचं नाही, सभागृहात मोजायचं. आणि हे सगळं न्यायालयाला तपासता येतं. एकाखाली एक मुद्दे, खाली पट्टीनं रेघ. मी आठपैकी सात देते आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमचे हे चहा घेऊन येतात, माझं तोंड बघतात आणि म्हणतात, "पोरांनी बरोबर लिहिलं म्हणून चिडणारी मास्तरीण मी पहिल्यांदाच बघतोय." यांना काय, हसायला झालंय. पण हे पेपर तपासताना मला दरवेळी तो एक उन्हाळा आठवतो, मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या माहेरच्या वाडीतला, आणि मग सातच गुण का दिले आणि आठ का नाही, हेही मला धड सांगता येत नाही.

माझी वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली मोजकी घरं. वाडी आणि सडक यांच्या मध्ये ओढा. उन्हाळ्यात त्या ओढ्यासारखा गरीब प्राणी नाही. नुसते धोंडे, त्यांच्यावर वाळलेलं शेवाळ आणि कुठंतरी एखाद्या डबक्यात बेडकाची पिल्लं. शेळीसुद्धा पाय न भिजवता पलीकडं जाते. पण आषाढ लागला की तोच ओढा असा उठतो की दोन्ही काठांवरची माणसं तोंडाशी हात धरून एकमेकांना हाका मारतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. मी शाळेत असताना पावसाळ्याचे दोन महिने मामाकडं राहायची ती याच्यामुळंच. माझ्यानंतरच्या पोरीही तेच करत आल्या. ज्यांना मामा नव्हता त्या घरी बसल्या.

या ओढ्यावर साकव व्हावा, म्हणजे माणूस आणि फार तर एखादी मोटारसायकल जाईल एवढा लहानसा पूल व्हावा, हे आमच्या आज्यापासूनचं मागणं. ते पुरं करायला अखेर शालनताई जन्माला यावी लागली. शालनताई खालच्या गावातल्या बौद्धवाडीची. आमच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेली. आवाज असा, की सभागृहात तिला माईक दिला नाही तरी चालायचं. पाच वर्षं तिनं त्या साकवाचं तुणतुणं वाजवलं, थट्टा झाली तरी वाजवलं, आणि मुदत संपायच्या आधीच्या शेवटच्या सर्वसाधारण सभेत तो मंजूर करून आणला. त्या संध्याकाळी ती ओढा ओलांडून आमच्या घरी आली, ओट्यावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि दादाला म्हणाली, "सुभेदार दादा, झालं बगा काम."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. अजून पहाटे उठून दाढी करतो, अजून चपला भिंतीला समांतर काढतो, आणि लिहिलेल्या हुकमावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. शालनताईचं ऐकून तो उठला, आत गेला आणि डोक्यावर टोपी घालून बाहेर आला. म्हणाला, "पैली कुदळ तुज्या हातनं."

आमच्याकडं कुठलंही सरकारी काम असं आपलं आपण सुरू होत नाही. रस्ता असो, गटार असो नाहीतर समाजमंदिर, कुणीतरी निवडून आलेल्या माणसानं येऊन नारळ फोडायचा, पहिली कुदळ मारायची, मग पेढे, मग फोटो, आणि मगच ठेकेदाराची माणसं हत्याराला हात लावतात. शालनताई म्हणाली, "दादा, मी नारळ न्हाई फोडत, ठावं हाय न्हवं?" दादा म्हणाला, "नको फोडू. फीत काप, कुदळ मार, काय बी कर. पण हात तुजा पायजे." ज्या वाडीत माझ्या लहानपणी शालनताईच्या आजीला पाणी वरून ओतत होते, त्या वाडीचा सुभेदार हे बोलत होता. मी तिथं होते. मला भरून आलं होतं, हे कबूल करते.

पण ठेकेदाराची खडी आणि लोखंड येऊन पडेपर्यंत मार्च उलटला आणि शालनताईची मुदत संपली. निवडणूक काही झालेली नव्हती. आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात, मग गटांची रचना, मग आणखी काही. परिषदेवर प्रशासक आले. म्हणजे जे साहेब आधी सभागृहाचे ठराव अमलात आणायचे, तेच आता सभागृह झाले.

मी त्या सुट्टीत तपासायचे पेपर घेऊनच माहेरी गेले होते. काय उन्हाळा होता तो! आजूबाजूच्या खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते, सगळ्या वाडीवर तो करपट, कोरडा धूर. पोरं करवंदांनी तोंडं जांभळी करून खडीच्या ढिगावरून घसरगुंडी करत होती. ओढ्यातलं लोखंड उन्हात असं तापायचं की हात लावला तर फोड यावा. ठेकेदार एकदा येऊन म्हणाला, "सुभेदार, प्रशासकसाहेबांना वेळ नाही, आपण आपलं सुरू करू." दादानं साफ सांगितलं, "शालनताई पुन्यांदा सदस्य होऊ दे. मग."

"अरे पण ती आता माजी झाली," मी म्हटलं.

"म्हणूनच. माजी म्हणून कोपऱ्यात हुबी राहून न्हाई मारायची तिनं. सदस्य म्हणून मारंल. बोर्डावर नाव लागंल."

"आणि निवडणूक झालीच नाही तर?"

दादानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी फौजेतला नवा रंगरूटच आहे. माझ्याच पिशवीतलं राज्यघटनेचं पुस्तक त्यानं आधीच उघडून ठेवलेलं होतं, चष्मा नाकावर. "शैले, तू शिकवतीस न्हवं? ह्ये बग की. मुदत सरायच्या आत निवडणूक घ्यायची. मदीच बरखास्त केली तरी सहा महिन्याच्या आत. लिवलंय. म्हंजे लांबली लांबली तरी सहा महिने. आज्जापासनं थांबलोय, आनी सहा महिने काय जड हायत?"

मी म्हणाले, लिहिलेलं सगळं तसंच होतं असं नाही. तो म्हणाला, "मग लिवायचं कशाला?" सुलावहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती तेवढ्यात म्हणाली, "वन्सं, ह्यास्नी सांगा की. आवं, कुदळ कुनाच्या बी हातनं बसली तरी साकव त्योच." दादानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शालनताईनंही दोनदा निरोप धाडला, काम सुरू करा, माझ्यासाठी थांबू नका म्हणून. दादाला वाटलं, ती भिडेखातर म्हणतेय. ठेकेदाराला काय, त्याची आणखी कामं पडलेली होती. गावाचाच आग्रह आहे असं लिहून तो मोकळा झाला.

मला राग कशाचा येतो सांगू? मागं एकदा आपल्या राज्यात सरकार बसेना म्हणून काही दिवस राष्ट्रपती राजवट लागली होती. केवढा गदारोळ! चॅनेलवाल्यांनी घसा कोरडा केला, वकील दिल्लीला धावले, न्यायालयानं सुट्टीच्या दिवशी दार उघडलं, आणि आमच्या स्टाफरूममधले गणिताचे सरसुद्धा मला कलम ३५६ समजावून सांगू लागले. लोकशाहीचा गळा घोटला म्हणाले. बरोबरच होतं ते. काही दिवस का होईना, लोकांनी निवडलेलं सरकार नव्हतं. आणि आमच्या परिषदेत, पंचायत समितीत, शेजारच्या नगरपालिकेत वर्षं गेली. एकाही चॅनेलच्या घशाला खरखर झाली नाही. जे राज्य दिल्लीनं आपल्यावर बोट उचललं तर स्वाभिमानानं पेटून उठतं, त्या राज्याच्या सत्तेवर पाळीपाळीनं जे बसले, त्यांतल्या कुणालाच आपल्या घराखाली राहणाऱ्यांशी आपण काय करतोय याची खंत वाटली नाही. वरच्या माडीला कड्या, कुलपं, पहारेकरी, सगळं आहे; खालच्या घराचं दार नुसतं लोटलेलं. सहा महिने तिथंही लिहिलेत. पण ते उलटले तर कुणाचं काय बिघडतं? ज्याचं बिघडतं तो ओढ्यापलीकडं असतो.

पाऊस आला. सहा महिने झाले, दादा म्हणाला, आता कवा बी जाहीर होतील. पुढचा मार्च आला, तेव्हा काम सुरूच नाही म्हणून मंजुरी रद्द झाली आणि निधी परत गेला. ठेकेदाराचा ट्रॅक्टर येऊन लोखंड घेऊन गेला. खडी तेवढी राहिली, तिच्यावर टाकळा उगवला.

मग दादा आणि मी जिल्हा परिषदेच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून सज्जन होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, नव्यानं ठराव लागेल. घ्या की मग ठराव, दादा म्हणाला. तर कारकुनानं मागच्या सभेचं इतिवृत्तच आम्हाला दाखवलं. सर्वसाधारण सभा. उपस्थिती : प्रशासक. सूचक : प्रशासक. अनुमोदक : प्रशासक. ठराव सर्वानुमते मंजूर. मला हसूच आवरेना. दादा मात्र ते पुन्हा पुन्हा वाचत होता. "म्हंजे हे स्वताच बोलत्यात आनी स्वताच मान हालवत्यात?" त्यानं विचारलं. कारकून म्हणाला, "कायद्यानं तसंच आहे हो. पण डोंगरातल्या साकवाचं नाव घ्यायला तिथं कुणीतरी पाहिजे ना. सभागृह असतं तर शालनताईंनी टेबल डोक्यावर घेतलं असतं." माणूस खरं बोलला. साहेब वाईट नव्हते, कामसू होते. पण त्यांना आमचा ओढा माहीत असायचं कारण काय? त्यांना आमच्या दारात मत मागायला कधी यायचं नव्हतं.

एसटीत बसल्यावर दादा म्हणाला, "फौजेत चार्ज घ्यायला दुसरा आल्याबिगर पोस्ट सोडत न्हाईत. हितं समदी पोस्टच रिकामी ठेवून गेल्यात, आनी कुनाचंच कोर्टमार्शल न्हाई."

त्या पावसाळ्यात वहिनी पडली. ओढ्याला पाणी फार नव्हतं, गुडघाभरच. दुधाची किटली घेऊन नेहमीच्या धोंड्यांवरून येत होती, एक धोंडा पुरात हललेला होता तो तिला कळला नाही. खुब्याचं हाड मोडलं. तोवर वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढा चढला. तिला घोंगडीच्या झोळीत घालून, बांबूला बांधून, डोंगराच्या धारेनं वळसा घालून सडकेवर आणली. चौघं खांदेकरी, त्यातला एक दादा, या वयात. वहिनी वाटभर एकच म्हणत होती, म्हस पिळायची राहिली. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद.

मग दादाचा मुलगा, माझा भाचा प्रकाश, त्यांना सांगलीला आपल्याकडं घेऊन गेला. तो मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला आहे. त्याच्या खोलीत हळदीचा वास असतो, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मी भेटायला गेले तर वहिनी वॉकर धरून गॅलरीत उभी. विचारलं, करमतं का? म्हणाली, "करमाया काय झालंय वन्सं, नळाला पानी येतंय." मग हळूच म्हणाली, "म्हस जिला दिली ती लय मारकी बाई हाय. म्हशीला मारत आसंल." आणि पदर डोळ्यांना लावला. दादा आत पेपर वाचत बसला होता. मला बघून म्हणाला, "शैले, ह्या सांगलीत बी प्रशासकच हाय!" एवढंच म्हणाला, पण कुणीतरी त्याचा पिच्छा पुरवतंय अशा आवाजात.

वहिनीचं बघून शेजारच्या दोन घरांनीही कुलपं लावली. शाळेच्या पोरी त्याच घरांत होत्या, त्याही गेल्या.

मी वर्गात शिकवताना मर्यादा हा शब्द फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा ओढते. मुलांना सांगते, सत्ता कुणाचीही असो, तिला मुदत पाहिजे. आणि मनात येतं, या मुदतीवर ज्यांनी विश्वास ठेवला नाही, त्यांचं काहीच अडलं नाही. त्यांनी साहेबांची ओळख काढली, आमदाराला गाठलं, आपापले रस्ते करून घेतले. ठेचाळला तो दादा. ज्यानं पुस्तक उघडून, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि खरं मानलं, तो. हे मी मुलांना कसं शिकवू? की बाळांनो, पाठ करा, पण विसंबू नका? कप्पाळ माझं!

या थंडीत निवडणूक आली. आली एकदाची. पण त्याआधी गटांच्या आरक्षणाची नवी सोडत झाली आणि आमचा गट दुसऱ्याच प्रवर्गासाठी राखीव झाला. शालनताईला उभं राहायलाच जागा उरली नाही. नियमानंच झालं, त्यात कुणाची लबाडी नव्हती. ज्या बाईच्या हातच्या कुदळीसाठी दादा इतकी वर्षं थांबला, ती बाई त्या खुर्चीवर आता बसूच शकत नव्हती.

तरी दादा मत द्यायला आला. नावं अजून वाडीच्याच यादीत आहेत. प्रकाशनं गाडी केली, वहिनीला पुढच्या सीटवर बसवलं, मी कोरेगावहून गेले. मतदान ओढ्याच्या अलीकडं, सडकेलगतच्या शाळेत. उन्हं कोवळी होती, रांगेत स्वेटर, मफलर, आणि कुणाच्या तरी शेतातून ताज्या गुळाचा वास येत होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून रांगेत उभा राहिला आणि मत देऊन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळला होता. एका उमेदवाराचा माणूस धावत आला, "सुभेदार, आपला साकव पहिल्या सभेत!" म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडं पळाला.

शालनताई तिथंच होती. केस पांढरे झालेत, आवाज तोच. तिनं गाडीत बसलेल्या वहिनीचा हात हातात घेतला, वॉकरकडं बघितलं, ओढ्यापलीकडच्या बंद घरांकडं बघितलं. दादा तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "शालन, माज्या मनात हुतं, तुज्याच हातनं... तुजा मान..."

"दादा," ती म्हणाली. मी तिला पाच वर्षं ओरडताना ऐकलंय, पण त्या दिवशी ती ओरडली नाही. "दादा, मान मला लय जागी भेटला. शाली भेटल्या, हार भेटलं. मला साकव पायजे हुता."

दादाचा हात टोपीकडं गेला आणि तिथंच राहिला. गाडीतनं वहिनी म्हणाली, "ऐकलंसा? म्या चुलीम्होरं बसून ह्येच सांगत हुते तुमास्नी." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला नवऱ्यापुढं, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडताना बघितलं.